बुधवारचा उपास

१४ ऑक्टोबर २०२४, सोमवार

लागला एकदाचा फलक! गेटच्या आत, वॉचमनच्या खोलीला लागून. येता-जाता नजर पडलीच पाहिजे अशा जागी. वर 'आमची वचनं', खाली मजकूर, आणि बाजूला इंदूबाईचा हा एवढा मोठा फोटो. कॅन्टीनच्या शेगडीपुढे उभी, हातात पळी, चेहऱ्यावर हसू. ते हसू मी आणलंय. फोटोवाल्याच्या मागे उभी राहून 'हसा ना जरा, इंदूबाई' असं सारखं म्हणत होते.

मजकुराचं मराठीही माझंच. मूळ शब्द आपल्या कारखान्याचे टी-शर्ट विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीचे. त्यांच्या देशात काळ्या-गोऱ्यांवरून रान उठलं, तेव्हा त्यांनी जगाला शब्द दिला— आमच्याकडे वर्णावरून भेद होणार नाही, आणि आम्ही ज्यांच्याकडून माल घेतो त्यांच्याकडेही नाही. भारतातल्या कारखान्यांसाठी त्यात 'जात' घातली. मागे ठेवलेल्या समाजातल्या माणसांना वरच्या जागा, सगळ्यांना एक स्वयंपाकघर, एक पंगत. शेवटची ओळ तक्रारीची. या पत्त्यावर कळवा, नाव गुप्त राहील. 'गुप्त राहील' की 'गुप्त ठेवले जाईल' यावर मी अर्धी दुपार घालवली!

इंदूबाई आजवर कॅन्टीनच्या मोरीवर भांडी घासायची. आजपासून मुख्य स्वयंपाकीण. मी इथली वेल्फेअर ऑफिसर; तिचं नाव मीच सुचवलं, कारण तिच्या हातचं वरण मी एकदा चाखलं होतं. मामांनी लगेच होकार दिला. मामा म्हणजे माझ्या नवऱ्याचे, क्षितिजचे, सख्खे मामा, कमलाकरराव, आमचे जनरल मॅनेजर. कारखान्यात 'सर', घरी 'मामा'. कधी कधी माझी गल्लत होते.

खूप दिवसांनी वाटलं, आपण काहीतरी केलं.

१८ ऑक्टोबर

कॅन्टीनमध्ये भात उरतोय. शिलाईवरची बेबीताई म्हणाली, बायांचे उपास चालू आहेत. दसरा झाला तरी भक्ती काही ओसरली नाही!

२३ ऑक्टोबर, बुधवार

मी किती बावळट आहे.

गेला आठवडाभर मला खरंच वाटत होतं की या बायका उपास करतायत. सोमवारी महादेवाचा, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी गजानन महाराजांचा, शनिवारी मारुतीचा. कोणाचा कोणता हे मी कधी विचारलं नाही. विचारायची गोष्ट आहे का ती?

आज शिलाईच्या हॉलमधल्या निम्म्या बायकांचा उपास. बेबीताई त्यांची सुपरवायझर. शेतीवाडीच्या घरातली, बोलायला गोड. पदराला हात पुसत आली आणि म्हणाली, "मॅडम, आज बायांचा उपास हाय, जेवाले नाही येत." मी मान डोलावली. इंदूबाई भरल्या पातेल्यापुढे उभी होती. मोठ्यानं नाही, अगदी साध्या आवाजात तिनं मला विचारलं,

"मॅडम, बुधवार कोन्या देवाचा असते हो?"

मला एकही देव आठवला नाही!

मग हॉलच्या मागे गेले. निंबाच्या सावलीत सगळ्याजणी डबे उघडून बसलेल्या. पोळ्या, मेथीची भाजी, ठेचा. मला पाहून एकीनं झाकण लावलं. बाकीच्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही.

जात हा शब्द कोणाच्याही तोंडून निघालेला नाही. निघाला असता तर नोटीस काढता आली असती. उपासाला नोटीस कशी काढतात?

६ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीनंतर आज कारखाना उघडला. शेगडीपुढे कोणी कांताबाई. ठेकेदारानं आणलेली. इंदूबाई परत मोरीवर, कढया घासतेय.

मामांकडे गेले. त्यांनी चहा मागवला. त्यांनी चहा मागवला की समजायचं, गोष्ट आधीच ठरलेली आहे. म्हणाले, बाया जेवत नाहीत, दुपारनंतर शिलाई बिघडते, माल परत येईल. वातावरण निवळलं की बघू. इंदूबाईचा हुद्दा कागदावर तोच आहे, तिचं नुकसान काहीच नाही. त्यांच्या बोलण्यात कुठे राग नाही, कुठे वाईटपणा नाही. ऐकता ऐकता मीच मान हलवायला लागले.

बाहेर येऊन इंदूबाईला सांगितलं, थोडे दिवस. ती कढई विसळत होती. म्हणाली, "फोटोत मी चुलीवर हाय, इथं मोरीवर हाय. दोन्हीतलं एक काहीतरी खरं करा मॅडम. नाहीतं फोटो तं काढा."

बरोबर आहे तिचं. पण फलक काढायचा म्हणजे मामांची परवानगी हवी. क्षितिज स्टोअरला आहे, तोही मामांनीच लावून दिलेला. हे क्वार्टर कंपनीचं. आणि सासूबाई मामांच्या थोरल्या बहीण, दर रविवारी त्यांच्यासाठी पुरण घालतात. मी तोंड उघडलं की ते कुठे कुठे जाऊन आदळेल ते मला नकाशासारखं दिसतं. मग मी उघडत नाही.

११ नोव्हेंबर

क्षितिजला सांगितलं. म्हणाला, "तुला फलक लावायला सांगितला होता, खरा करायला नाही." विनोद म्हणून म्हणाला. मी हसलेसुद्धा. शी!

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. शाळेत लांबच लांब रांग. सगळे एकामागे एक चिकटून, सगळ्यांच्या बोटाला एकच शाई. बेबीताईही होती. तिथं कोणाला उपास नव्हता.

२६ नोव्हेंबर

उद्या परदेशी कंपनीच्या मॅडम येणार. वचनं पाळली जातायत का ते बघायला. मामांनी संध्याकाळी बेबीताईला आणि बाकी सुपरवायझरना बोलावलं, आणि एकच वाक्य बोलले.

"उद्या कोणाचा उपास नाही."

म्हणजे ठाऊक होतं. सगळ्यांना, पहिल्यापासून. मला एकटीलाच वाटत होतं की मी काहीतरी शोधून काढलं!

२७ नोव्हेंबर, बुधवार

हे लिहायलाच हवं, नाहीतर उद्या मी स्वतःला वेगळं काहीतरी सांगेन.

मॅडम आल्या. उंच, काळ्या, बारीक वेण्यांचा अंबाडा. मोठ्या हुद्द्यावरच्या. बायकांनी आधी डोळे मोठे केले, मग सेल्फीसाठी रांग लावली. बेबीताई तर त्यांचा हातच सोडेना. मी बाजूला उभी राहून बघत होते. रंगाचं यांना काही नाही! लांबून आलेल्या माणसाचं काहीच नसतं.

जेवायला सगळ्या आल्या. इंदूबाई शेगडीपुढे, नवं पातळ, नवा एप्रन. सगळ्यांनी वरण-भात खाल्ला. बेबीताईनं दोनदा वरण घेतलं. आवडलं होतं तिला, खोटं नव्हतं ते. त्याचाच जास्त राग आला.

जेवणानंतर मॅडम इंदूबाईजवळ जाऊन बसल्या. मी दुभाषी. त्या सांगत होत्या, त्यांची आजी एका गोऱ्या कुटुंबाच्या घरी स्वयंपाक करायची. तिच्या हातचं चालायचं, पण तिनं यायचं मागच्या दारानं. हे मी नीट सांगितलं. इंदूबाईनं त्यांचा हात धरला. म्हणाली, "बाईले सांगा मॅडम, आज जेवले सगळे. उद्या येऊन पाहा म्हणा."

मामा समोरच होते. पाणी पीत होते.

मी इंग्रजीत म्हणाले, 'ती म्हणतेय, इथे सगळे जेवतात. पुन्हा जरूर या.'

मॅडमचे डोळे भरून आले. त्यांनी इंदूबाईला मिठी मारली. मामांनी ग्लास खाली ठेवला.

२८ नोव्हेंबर

इंदूबाई मोरीवर. मी तिच्याकडे न बघता कॅन्टीनमधून जात होते. तिनंच हाक मारली.

"माह्या पोरीच्या, समीक्षाच्या पुस्तकात टुमारो हाय. पाठ करत असते ती मोठ्यानं. तुमच्या बोलन्यात तं तो आलाच नाही."

उभी राहिले. ती भांडं घासत राहिली. मला वाटतं तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी जरा तरी जेवले असते.

३० नोव्हेंबर

केली तक्रार. फलकावरच्या पत्त्यावर. उपासाचं, मोरीचं, फोटोचं, मी गिळलेल्या त्या 'उद्या'चंसुद्धा. नाव घातल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता, म्हणून घातलं. गुप्त राहील. ती ओळ तर मीच लिहिलीय.

हलकं वाटतंय. भीतीही वाटतेय. पण हलकं जास्त.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. सासूबाईंबरोबर पूजा मांडली. उत्तर नाही अजून.

९ डिसेंबर, सोमवार

देवा!

मामांनी बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, परदेशातून तक्रार आलीय आपल्यावर. त्यांच्या नियमाप्रमाणे अशी तक्रार आधी त्याच कारखान्याकडे येते. आपणच चौकशी करायची आणि काय निघालं ते त्यांना कळवायचं.

हसू की रडू? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्यालाच सांगायचं— जरा बघ बाबा, तू चुकलास का!

आणि चौकशी कोणाकडे? माझ्याकडे. मी वेल्फेअर ऑफिसर ना. सोबतीला बेबीताई, तिलाही बोलावलेलं. मामांनी मजकूर वाचून दाखवला, नाव वाचलं नाही, माझ्या त्या 'उद्या'चं वाक्यही आलं नाही. म्हणजे खरंच गुप्त ठेवलंय. माझे हात टेबलाखाली होते. मामा म्हणाले, आतल्याच कोणाचं तरी काम आहे, शोध. बेबीताई लगेच म्हणाली, शोधायचं काय त्यात, जिला झोंबलं तिचंच असणार.

माझीच तक्रार, आणि मीच शोधणार मला. कोणाला सांगितलं तर पोट धरून हसतील. पण सांगू कोणाला?

११ डिसेंबर, बुधवार

मामांच्या केबिनमध्ये आम्ही तिघं. इंदूबाईला बोलावलं. हात ओलेच होते तिचे. मामांनी 'बसा' म्हटलं, ती खुर्ची पुढे ओढून नीट बसली. मामांनी विचारलं, ही तक्रार तुम्ही केली का?

ती म्हणाली, "म्या केली असती ना साहेब, तं नाव टाकून केली असती. लपून कायले करीन?"

मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते.

मामा सौम्यपणे म्हणाले, चौकशी पूर्ण होईपर्यंत तुम्ही घरी राहा. तिनं कारण विचारलं. मामा म्हणाले, तुमच्याच भल्यासाठी. ती उठली, जाताना खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचे उपकार मानले. इतकी खाली आलेय मी.

बेबीताईही गेली. मामांनी मला थांबवलं. मग म्हणाले, "रजनी, तुला काही म्हणायचंय?"

"नाही, सर."

१२ डिसेंबर

'नाही, सर.' 'नाही, सर.' 'नाही, सर.'

१५ डिसेंबर, रविवार

मामा जेवायला आले होते. पुरणपोळी. सासूबाई म्हणाल्या, कारखान्यात काही कटकट आहे का रे, रजनीचं लक्षच नसतं आजकाल. मामा म्हणाले, "काही नाही ताई, मिटेल. पोर हळवी आहे आपली." आणि माझ्या ताटात जास्तीची पोळी वाढायला लावली.

क्षितिजनं रात्री विचारलं, तू काही केलं नाहीस ना? मी म्हटलं, नाही. तो लगेच घोरायला लागला. चांगला माणूस आहे तो. पण त्याला खरं सांगितलं तर तो आधी क्वार्टरकडे बघेल आणि मग माझ्याकडे, हे मला माहीत आहे. मीही तसंच केलं असतं.

पुसदला माहेरी जाऊ का चार दिवस? आणि तिथे जाऊन काय करू? हीच रजनी तिथेही माझ्याबरोबर येणार.

१८ डिसेंबर, बुधवार

चौकशीच्या नावाखाली एसटी पकडून इंदूबाईच्या गावी गेले. दारव्हा रोडवर फाट्याला उतरायचं, मग पायी. दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकलेली.

ती कापूस वेचून नुकतीच आली होती. घरकुलातलं घर, स्वच्छ सारवलेलं अंगण. आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली समीक्षाचं दप्तर अडकवलेलं. मी चौकशीबद्दल काही बोलायच्या आत ती म्हणाली, ते मागून बोला, दुपार टळून गेली, जेवा आधी. ताट वाढलंसुद्धा. ज्वारीची गरम भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा उपास आहे आज."

तिच्या हातात ताट तसंच राहिलं. ती फक्त एवढंच म्हणाली, "आज बुधवार."

खरा होता गं बाई! आज संकष्टी आहे! लग्नाच्या आधीपासून धरलेली चतुर्थी, सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. कॅलेंडर दाखवता आलं असतं, शपथ घेता आली असती. पण विश्वास कोणी ठेवावा? तिच्या जागी मी असते तर मी ठेवला नसता. आम्ही सगळ्यांनी मिळून उपासाची अशी वाट लावलीय की आता खऱ्या उपासाला तोंड उरलं नाही.

मी तिच्या हातातून ताट घेतलं, खाली बसले आणि जेवले. चंद्र निघायला अजून कितीतरी वेळ होता.

ती समोर बसून बघत होती. अर्धी भाकरी संपल्यावर हळूच म्हणाली, "खरा होता काय?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"मंग मोडला कायले?"

रडू आलं, ते आमटीबरोबर गिळलं. तिनं न विचारता दुसरी भाकरी वाढली.

मग सांगितलं तिला. तक्रार माझी आहे. मी गप्प बसले म्हणून तुम्ही घरी बसलात. ती चिडेल वाटलं होतं. ती तूर सोलत राहिली. मग विचारलं, नाव टाकलं होतं का? टाकलं होतं, पण ते कोणाला दिसत नाही, म्हटलं. "मंग काय कामाचं ते," ती म्हणाली.

निघताना मी म्हटलं, मी मामांशी बोलते, तुम्हाला परत कामावर घेतील. तिनं मला थांबवलं. "मोरी मले कुठंबी भेटते मॅडम. तुमाले काही करावसं वाटत असन तं माहा तेवढा फोटो काढा तिथून. माही पोरगी शाळेत सांगत फिरते, माह्या मायच्या हातचं सगळे जेवतात म्हून. तिले खोटं पाडू नका."

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले. पोट भरलेलं होतं. पापबीप काही वाटलं नाही. उद्या सकाळी सांगायचं. आधी मामांना, मग क्षितिजला. क्वार्टर गेलं तर जाऊ दे. भीती वाटतेय, खूप वाटतेय.

१९ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं. तक्रार माझी.

मामा पेपर वाचत होते. त्याची घडी घातली, चष्मा काढला. "पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे मला. त्यांनी तुझ्या नावासकटच पाठवली होती." आणि मग अगदी मायेनं म्हणाले, "घरची सून आहेस तू. तुला वाचवायचं, तर दुसऱ्या कोणाला तरी घरी पाठवावंच लागलं ना, रजनी?"

त्यांनी चहा मागवला. मी तो येईपर्यंत थांबले नाही. सरळ गेटवर गेले आणि फलकावरून फोटो उचकटून काढला. वॉचमन धावत आला. "मॅडम, कोनं सांगतलं काढाले?"

"इंदूबाईनं."